मदत हवी आहे: सायकॉलॉजीसाठी कलिना, टीस की एसएनडीटी?

अनघा_डी
घरात बारावीचा निकाल लागलाय. सायकॉलॉजीच करायचं हे पक्कं आहे, त्यावर आता चर्चा नको. प्रश्न एवढाच आहे: कलिना (मुंबई विद्यापीठ), टीस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) की एसएनडीटी? फॉर्मची मुदत संपत आलीय, त्यामुळे 'आधी कल चाचणी करा' वगैरे कृपया सांगू नका. ज्यांची मुलं तिथे शिकली आहेत त्यांनी थेट नाव सांगा. प्लीज लवकर.

सोपानकाका
टक्के किती? शाखा कोणती? राहता कुठे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

नीरजा१२
एसएनडीटी डोळे मिटून घ्या. माझी भाची चर्चगेटला होती. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली उभं केलेलं विद्यापीठ आहे, आणि तिथल्या मुलींना बोलायचा जो धीर येतो तो मी घरातच पाहिलाय. स्टेशनपासून चालत जाता येतं. मुलीसाठी याहून चांगली जागा नाही.

अनघा_डी
मुलगा आहे हो.

नीरजा१२
मग एसएनडीटीचा प्रश्नच मिटला, ते महिला विद्यापीठ आहे. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

मानसी_के
अनघाताई, उरलेली दोन नावंही आत्ता कामाची नाहीत. कलिन्याच्या कॅम्पसमधला मानसशास्त्र विभाग एम.ए.साठी आहे. देवनारच्या टीसमधलं ॲप्लाइड सायकॉलॉजीही एम.ए.च आहे, त्याला पदवीनंतर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर तुम्हाला विद्यापीठ नाही, कॉलेज निवडायचंय. रुईया, रुपारेल, झेवियर्स, वझे-केळकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर, सगळीकडे मानसशास्त्र आहे आणि पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते. सोपानकाकांच्या प्रश्नांची उत्तरं द्या, म्हणजे नावं कमी करता येतील.

अनघा_डी
अच्छा. हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं. सायन्स, ७४ टक्के. डोंबिवली.

सोपानकाका
सायन्स घेऊन आर्ट्सला? ताई, रागावू नका, पण दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री केलेल्या मुलाने ते का सोडावं? मनाचंच काम करायचं असेल तर 'नीट'ची परीक्षा पुन्हा द्या, एमबीबीएस करा, मग सायकिअ‍ॅट्रीत एम.डी. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यालाच असतो. समाजात मान आहे, पोटापाण्याची चिंता नाही.

मानसी_के
काका, त्यांनी ते विचारलेलंच नाही. आणि सायन्स वाया जात नाही. सायकॉलॉजीला आकडेमोड आहे. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं करावं लागतं, आणि इथेच आर्ट्सची बरीच मुलं गळपटतात. आमच्या प्रॅक्टिकलला म्यूलर-लायरचा प्रयोग असायचा. लाकडी पट्टीवर दोन रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. समोरच्याने सरकती रेघ मागेपुढे करून दोन्ही सारख्या दिसतील तिथे थांबवायची, आपण मागची मोजपट्टी वाचून किती मिलिमीटर चुकला ते लिहायचं. पुन्हा पुन्हा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग त्या चुकांची सरासरी काढून जर्नल पूर्ण करायचं. त्याला हे आवडेल की फक्त 'लोकांना समजून घ्यायला आवडतं' म्हणून येतोय, एवढं मात्र घरी बोलून घ्या. ही कल चाचणी नाही, रोजचा अभ्यास असा असतो म्हणून सांगतेय.

ठाणेकर
मी सर्वांत महत्त्वाचं सांगतो, कारण आम्ही त्यात पोळलोय. कॉलेजात मानसशास्त्र 'आहे' एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. मुलीच्या कॉलेजने (नाव घेत नाही) प्रवेशाच्या वेळी सायकॉलॉजी मिळेल म्हणून सांगितलं. पहिलं वर्ष संपल्यावर कळलं की मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जागा मोजक्या, लॅबमध्ये तेवढीच मुलं बसतात. तिला मेजर समाजशास्त्र घ्यावं लागलं आणि मानसशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, राहिलं. आता एम.ए.ला जाताना प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: पदवीला मुख्य विषय काय होता? कार्यालयात जाऊन विचारा, मेजरच्या जागा किती, त्या कशावर देता, आणि चौथं ऑनर्सचं वर्ष याच कॉलेजात होतं का. चार वर्षं केली तर पुढे एम.ए. एका वर्षाचं असतं. तोंडी उत्तरावर विसंबू नका, माहितीपुस्तिकेत छापलेलं दाखवायला सांगा.

कावेरी_मालाड
इथेच विचारून घेते. माझं बी.कॉम. झालंय, बँकेत आहे, वय ३१. काउन्सेलिंगमध्ये जायचंय, नोकरी सोडता येणार नाही. काही मार्ग?

सोपानकाका
इग्नू, मुक्त विद्यापीठ! कुठल्याही पदवीवर एम.ए. सायकॉलॉजीला घेतात, घरबसल्या होतं. आमच्या सोसायटीतल्या दोघींनी केलं. ताई, तुमच्या मुलालाही हाच सल्ला, डोंबिवलीहून लोकलचे धक्के खाण्यापेक्षा.

मानसी_के
नाही, काका. कावेरी, कृपया हे वाच. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नका, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना कळवलंय. आधी प्रवेश घेतलेल्यांचं सुरू आहे. अजूनही 'घरबसल्या सायकॉलॉजीची पदवी' अशा जाहिराती दिसतात, त्यात पैसे अडकवू नकोस.

सोपानकाका
त्या दोघींचं झालं, एवढंच मला माहीत. असे नियम येतात आणि जातात.

मानसी_के
त्यांचं झालं कारण त्या आधी शिरल्या. आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१च्या कायद्याखाली आता मानसशास्त्रज्ञांची नोंदणीही येतेय. अशा वेळी मान्यता नसलेली पदवी घेऊन बसणं म्हणजे वर्षं आणि पैसे दोन्ही गमावणं. मला या विषयात राग येतो, कारण माझ्याकडे अशी फसलेली मुलं येतात.

पश्चिमरेल्वे
मुलाला नक्की काय व्हायचंय? शाळेत समुपदेशक, कंपनीत एचआर की क्लिनिकल? क्लिनिकल असेल तर पुढचा रस्ता वेगळा आहे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. करत. त्याला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. तुमचा मुलगा तिथे पोचेल तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव वेगळंच असेल, त्यामुळे आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी दर वर्षी बघत राहा.

अनघा_डी
क्लिनिकल म्हणतोय. दहावीत त्याच्या मित्राचं बरंच बिनसलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे. मलाही वाटतं त्याने हेच करावं. त्याचे बाबा सोपानकाकांसारखंच बोलतात, म्हणून मला घाई आहे, एकदा प्रवेश झाला की घर शांत होईल. झेवियर्सचा फॉर्म भरला. रुईयाचाही भरते. बाकी तो अकरावी-बारावीला मुलुंडला वझेलाच होता.

ठाणेकर
अहो, हे आत्ता सांगताय? तो वझेचाच आहे तर इनहाउसचं पहिल्यांदा बघा. त्याच कॉलेजच्या ज्युनियरच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य असतं. सायन्समधून आर्ट्सला येणाऱ्यालाही ते धरतात का, एवढं कार्यालयात विचारायचं. डोंबिवलीहून मुलुंड म्हणजे प्रवासही आटोपशीर.

पश्चिमरेल्वे
प्रवासावर कॉलेज ठरवू नका. झेवियर्सचं वातावरण वेगळंच आहे.

ठाणेकर
सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटी फास्टमध्ये एकदा उभं राहून दाखवा, मग वातावरणाचं बोलू. तीन-चार वर्षं रोज जायचंय त्या मुलाला.

नीरजा१२
रुईयाला माटुंगा स्टेशनवरून चालत जाता येतं, पण माटुंग्याला फास्ट थांबत नाही. दादरला उतरून मागे यावं लागतं. माझा भाऊ तसाच जायचा.

मानसी_के
ताई, विद्यापीठाच्या साइटवरची प्रवेशपूर्व नोंदणी केलीत ना? ही कॉलेजं स्वायत्त असली तरी कॉलेजचा फॉर्म वेगळा आणि विद्यापीठाची नोंदणी वेगळी. नोंदणी क्रमांकाशिवाय कॉलेजचा अर्ज अडतो.

अनघा_डी
नोंदणी झाली, क्रमांक आहे. उद्या सकाळी त्याला घेऊन वझेला जाते, तिथून रुईयाला. मेजरच्या जागा, इनहाउस आणि चौथं वर्ष, तिन्ही विचारते. ठाणेकर, मायनर कोणता घ्यावा हेही सांगा ना, तोही फॉर्ममध्ये भरायचाय का?

कावेरी_मालाड
आणि माझं? संध्याकाळचं काही असतं का मुंबईत?