रिकॉलचं पत्र आलंय, तरी मी कंपनी बदलणार नाही. चुकतोय का?

शहापूरकर
पंधरा वर्षं मी एकाच कंपनीच्या गाड्या वापरतोय. पहिली सेकंडहँड होती, कोल्हापुरातून आणलेली. दुसरी नवी घेतली, काही वर्षांनी विकली. आत्ताची तिसरी, सहा वर्षांची. गेल्या महिन्यात पत्र आलं की डाव्या बाजूच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा भाग, सदोष आहे, फुकट बदलून देऊ. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर चर्चा त्याच वाटेला जाईल.

तेव्हापासून भाऊ, मेहुणा, शेजारी सगळे एकच सांगतात, "वीक आणि दुसऱ्या कंपनीची घे." मला ते पटत नाही. आपली चूक आपण होऊन कळवणारी कंपनी गप्प बसणारीपेक्षा बरी. २००९-१० मध्ये टोयोटावर केवढं संकट आलं होतं. चटईत अडकणारं आणि दाबल्यावर वर न येणारं एक्सलरेटर पेडल, लाखो गाड्या परत, अमेरिकेत आठ मॉडेलांची विक्री बंद. २४ फेब्रुवारी २०१० ला कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष आकिओ टोयोडा स्वतः अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले आणि माफी मागितली. २०१२ मध्ये तीच कंपनी विक्रीत पुन्हा जगात पहिली आली, कारण गिऱ्हाईक टिकून राहिलं.

पार्ट अजून आलेला नाही, पाच आठवडे झाले. शोरूमवाले म्हणाले, तोवर डाव्या सीटवर कुणाला बसवू नका. घरची मंडळी मागे बसतात. मी थांबायला तयार आहे.

उद्यमबाग
दादा, राग मानू नका. बायकोला पाच आठवडे मागच्या सीटवर बसवताय आणि इथे कंपनीची बाजू मांडताय, हे वाचून मला वाईट वाटलं.

मी फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात आहे, बावीस वर्षं झाली. आमचा माल गाड्यांतच जातो. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो, म्हणजे कुठल्या दिवशी, भट्टीच्या कुठल्या ओतीचं ते नंतरही कळतं. एका पावसाळ्यात साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली आणि मालात ब्लो होल आले. वरून काही दिसत नाही, मशिनिंगला घेतल्यावर आत पोकळी निघते. आमच्याकडे ठेवलेल्या चार नगांत दोष सापडला तेव्हा मालकांनी त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन केला, अमुक हीटचा माल लावू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण तिकडे गेलो, पेट्या उघडल्या आणि टॉर्च लावून एकेक नंबर वाचत माल वेगळा केला. तिसऱ्या दिवशी बदली माल पोचला होता. गिऱ्हाईक टिकलं ते त्या तिसऱ्या दिवसामुळे. फोन करून आम्ही पाच आठवडे थांबा म्हटलं असतं तर कोण टिकलं असतं?

आणि टोयोटाची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. मार्च २०१४ मध्ये त्यांनी अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. पेडलच्या दोषाबद्दल लोकांची दिशाभूल केली म्हणून. माफी खरी, पण आधीची लपवाछपवीही खरी.

टिळकवाडी
उद्यमबाग, मग पुढचंही सांगा की. गाड्या इलेक्ट्रॉनिक्समुळे सुसाट सुटतात असा आरोप होता, त्यावर नासाच्या इंजिनिअरांनी तपास केला. २०११ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष आला, तसा दोष सापडला नाही. जे होतं ते चटई आणि पेडलचंच.

मी शहापूरकरांच्या बाजूने आहे. आमच्याकडे आधी क्वालिस होती, मग इनोव्हा, दोन्ही टोयोटा किर्लोस्करच्या बिडदीच्या कारखान्यातल्या. वडिलांनी क्वालिस घेतली ती नावातलं किर्लोस्कर बघून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावात. वडील म्हणायचे, आपल्या गावातनं गेलेलं नाव आहे. गाडी म्हणजे नुसतं लोखंड नाही, त्यात विश्वास असतो, आणि तो एका पत्राने मोडू नये.

उद्यमबाग
वडिलांच्या भावनेचा आदर आहे. पण लक्ष्मणरावांचं नाव झालं ते त्यांचा लोखंडी नांगर शेतात टिकला म्हणून. आधी माल, मग नाव.

खानापूरची लेक
तुम्ही सगळे कंपनीवर बोलताय, मला पावसाची भीती वाटते. टाकाटा नावाची जपानी कंपनी एअरबॅगचे इन्फ्लेटर बनवायची. आतलं रसायन अमोनियम नायट्रेट. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ते बिघडायचं, आणि अपघातात फुगा फुगताना धातूची डबीच फुटून तुकडे माणसाला लागायचे. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, जून २०१७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. अमेरिकेत फ्लोरिडा, हवाईसारख्या दमट भागांतल्या गाड्या आधी घेतल्या, कारण धोका तिथे जास्त.

शहापूरकर, तुमचा इन्फ्लेटर कुठला ते मला माहीत नाही. पण आमच्या जांबोटी-कणकुंबीकडे चार महिने कपडे वाळत नाहीत. कंपनी बदलूनही फार उपयोग नाही, टाकाटाचाच माल होंडात, टोयोटात, बीएमडब्ल्यूत होता. मात्र थांबायला तयार आहे असं म्हणू नका. रोज शोरूमला जाऊन बसा.

निपाणीकर
मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. सांगालोय ते नीट ऐका. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला रिकॉल लावायचा अधिकार मिळाला, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. त्यापुढची गाडी बोलवायची की नाही हे कंपनीच्या मनावर. होंडाने जानेवारी २०१७ मध्ये टाकाटासाठी २०१२ च्या ४१,५८० गाड्या भारतात बोलावल्या, तेव्हा हे नियम नव्हतेच. ते मी चांगलं मानतो.

पण पत्र जातं कुणाकडे? आपल्याकडे कोल्हापूरची एमएच-०९ ची गाडी चिकोडीत फिरते, बेळगावची केए-२२ ची चंदगडात. दोन हात बदलतात, कंपनीच्या वहीत मात्र पहिल्या मालकाचाच पत्ता आणि फोन. नव्या मालकाला काहीच कळत नाही. शहापूरकर, तुम्ही विकलेली ती दुसरी गाडी आता कुठे आहे?

शहापूरकर
निपाणीकर, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही.

ती गाडी कणकुंबीकडच्या एका गृहस्थांना दिली होती. आता ती अकरा वर्षांची. सकाळी ट्रंकेतून विम्याचा जुना कागद काढला, त्यावर सतरा आकडे-अक्षरांचा चासी नंबर होता. कंपनीच्या साइटवर घातला. तीही यादीत आहे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "पत्र? कसलं पत्र?" शोरूमला विचारलं, त्यांच्याकडे त्या गाडीसमोर अजून माझाच मोबाइल नंबर आहे. त्यांचा मुलगा दहावीला आहे, रोज जांबोटीपर्यंत वडिलांशेजारी डाव्या सीटवर बसून येतो.

कंपनीने अकरा वर्षांची गाडीही यादीत घेतली, हे मी अजूनही तिच्या बाजूनेच धरतो. पण थांबायला तयार आहे हे माझं वाक्य मागे घेतो. माझ्या घरच्यांना मागे बसवून मी निवांत होतो, आणि तिकडे ते पोर पुढे बसत होतं. रविवारी कणकुंबीला जातोय. त्यांना सोबत घेऊन सोमवारी शोरूमला दोन्ही गाड्यांचा अर्ज देणार. पार्ट एकच आला तर त्यांच्या गाडीला आधी लावा, असं त्यात लिहितोय.

उद्यमबाग
अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. दोन्ही चासी नंबर वरच लिहा. सोमवारी माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी मी येतो बरोबर.