प्रति: बॉयलरचे पेलेट ग्रिलला चालतील का?
वर दादांनी विचारलंय की शिरोली एमआयडीसीच्या बाजूला बॉयलरसाठीचे पेलेट (भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या) स्वस्तात मिळतात तर तेच पेलेटवर चालणाऱ्या ग्रिलला घातले तर काय बिघडतंय. नका घालू ओ, अजिबात नको. त्या मालात भुसा कुठला हे कोण बघत नाही, उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन, कधी रंग किंवा गोंद लागलेलं प्लायवूड पण असू शकतंय आणि तो सगळा धूर आपल्या मटणात मुरणार. खायच्या कामाला फूड ग्रेड, निव्वळ कडक लाकडाचेच घ्या. चांगल्या पेलेटला गोंद लागतच नाही, दाबल्यावर तापून लाकडातलं लिग्निन मऊ होतंय आणि तेच भुसा धरून ठेवतंय.

पिशवीवर नुसतं हिकरी (धुराच्या वासासाठी नावाजलेलं अमेरिकेतलं कडक लाकूड) लिहिलंय म्हणून भुलू नका, मागचं बारीक वाचा, बऱ्याचदा ओक किंवा अल्डर ही दुसरी लाकडं जास्त आणि हिकरी नावाला असतंय, कशात वरनं वासाचं तेल मारलेलं असतंय. ओक वाईट नाही, पण पैसे हिकरीचे का द्यायचे? मटणाला हिकरी, चिकनला सफरचंद किंवा चेरी, हे माझं मत.

हातात घेऊन मोडा, कट्कन तुटला पाहिजे. पिशवीच्या तळाला भुगा जास्त दिसला की परत द्या. आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसात पिशवी उघडी ठेवायची नाही, दमट हवेनं पेलेट फुगून भुगा होतोय आणि ऑगर (पेलेट आगीकडं ढकलणारा स्क्रू) जाम, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.