पाठलाग करणारा हिंसक होईल का, हे आधी ओळखता येते का?

अबोली
माझ्या मामेबहिणीने दिवाळीनंतर प्रेमसंबंध तोडले. तेव्हापासून तो मुलगा नवनव्या नंबरांवरून संदेश पाठवतो आणि अलीकडे तिच्या कार्यालयाच्या फाटकाशी उभा राहू लागला आहे. त्याने धमकी एकदाही दिलेली नाही, म्हणून 'एकदा शेवटचे भेटून त्याची समजूत काढ' असे मामा म्हणतात. धोका कशावरून जोखावा?

मनोविचार
ही भेट कृपया टाळावी. धमकी आली तर ती गांभीर्यानेच घ्यायची असते, परंतु ती नाही म्हणून धोका नाही, असे मात्र होत नाही. मनोविकारतज्ज्ञ पॉल मलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले. त्यांपैकी नाकारला गेलेला माजी जोडीदार हिंसेच्या दृष्टीने सर्वांत चिंतेचा मानला जातो. त्याच वर्षीच्या एका अमेरिकन अभ्यासात, आजी-माजी जोडीदाराने खून केलेल्या स्त्रियांपैकी ७६ टक्के स्त्रियांचा आधीच्या वर्षभरात पाठलाग झाला होता (पाठलाग झालेल्या बहुतेकींचा खून होतो, असा उलटा अर्थ यातून निघत नाही). फोनवरून तो फाटकापर्यंत आला, हे मला अधिक खटकते. संबंध असताना त्याने हात उगारला होता का, व्यसन आहे का, आणि मुख्य म्हणजे 'आता सगळे संपले' अशी किंवा आत्महत्येची भाषा तो करतो का? अशा भाषेने घरच्यांना त्याची कीव येते, पण त्या अवस्थेत त्याच्या स्वतःच्या जिवाइतकाच तिच्या जिवालाही धोका असू शकतो.

अबोली
जीव देण्याचे संदेश दोनदा आले आहेत. ते वाचूनच मामा विरघळले.

वकील_वऱ्हाडी
ताई, मग थांबू नका. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवणारा तिच्याच गावचा होता, अनोळखी नव्हता. २०१३ पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे; आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी तो जामीनपात्र आहे, म्हणजे तक्रारीनंतर तो लगेच बाहेर येऊ शकतो, आणि नेमक्या त्या दिवसांत तिची ये-जा, सोबत आणि वेळा बदलण्याची तयारी आधीच हवी. संदेश पुसू नका, उत्तरही देऊ नका. आत्महत्येचे संदेश तक्रारीत आवर्जून लिहा आणि त्याच्या घरच्यांनाही कळवा, मात्र हे काम तिने स्वतः करू नये. कार्यालयाच्या सुरक्षारक्षकाकडे त्याचा फोटो द्या. तो पुन्हा फाटकाशी दिसला, तर तिने बाहेर न पडता ११२ ला फोन करावा. वकिलाचा खर्च जड वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो.