कोठडीत मार खाल्लेल्याचं पुढे काय?

पायवाट: इस्रोच्या नंबी नारायणन यांना १९९४ साली हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अडकवून कोठडीत छळलं. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई दिली ती २०१८ मध्ये. ते शास्त्रज्ञ, २४ वर्षं लढले. आमच्या गावाकडच्या पारधी वस्तीवरचं पोरगं चोरीच्या संशयावरून उचललं, तीन दिवसांनी सोडलं. वर्ष झालं, सकाळी अजून भिंत धरून चालतं. दारात बुलेट थांबली की मागच्या मागे शेतात पळतं. मुकादम ऊसतोडीला घेत नाही. अशांचे उपचार आणि बुडालेली मजुरी निकालाची वाट न बघता सुरू करावी, एवढंच म्हणणं.

हवालदारपुत्र: मारलं हे ठरण्याआधीच पैसे? मग प्रत्येक आरोपी तेच सांगेल. वडील खात्यात होते. 'मुद्देमाल कधी निघतोय?' म्हणून वरून रोज फोन यायचा. माणसं कमी, कामाला तास नाहीत. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

पायवाट: काढा की, मी पहिला प्रतिसाद देतो. पण वरचा फोन तळपायावर का उतरावा?

काळाकोट: मला दोघांचंही पटत नाही. भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, मारणारा बढती घेऊन निवृत्त होतो. पोलिसावरच्या खटल्याला आधी सरकारची मंजुरी लागते म्हणून वाद, त्यातच वर्षं जातात. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. छळ रोखण्याचं २०१० चं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या समितीत गेलं आणि बारगळलं. आधी कायदा, आधी शिक्षा. नाहीतर भरपाई म्हणजे मारायचा परवाना, फी सरकारने भरलेली.

पायवाट: शिक्षा व्हायलाच हवी. पण पाय आज दुखतोय.

हवालदारपुत्र: उपचाराला माझी ना नाही. पण मार बसला हे कागदावर येणार कसं? सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ पासून कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितलीय. बहुतेक कागदांवर 'ताजी जखम नाही'.

काळाकोट: नसणारच. पोलिसांचा मारायचा पट्टा, ज्याला ते 'सत्यशोधक' म्हणतात, तळव्यांवर बसतो तो त्यासाठीच. वर लगेच चालायला लावतात, म्हणजे सूज उतरते.

हवालदारपुत्र: हे मला शिकवू नका. घरी त्या पट्ट्याचं नाव निघालं की बाबा ताटावरून उठतात.

पायवाट: मग निदान एवढं तरी करू. डॉक्टर तपासत असताना सोबत आलेला शिपाई दाराबाहेर थांबला पाहिजे. आमच्या पोराच्या वेळी तो खाटेवरच बसला होता.