मनपाच्या कमी पटाच्या शाळा एकत्र कराव्यात का?

कृष्णाकाठ, सांगली
सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली आणि तिन्ही गावांच्या प्राथमिक शाळा एकाच कारभाराखाली आल्या. गेल्या महिन्यात त्यांपैकी एका शाळेत गोष्टींची पुस्तके द्यायला गेलो होतो. एका खोलीत दुसरी, तिसरी आणि चौथीची मिळून एकोणीस मुले, तीन भिंतींना तीन फळे आणि बाई एकच. दुसरीला पाढे म्हणायला लावून बाई चौथीच्या अपूर्णांकांकडे वळत, तोवर तिसरीची मुले तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचत बसलेली. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. त्यांतील एक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर गेला की पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात. म्हणून माझे मत असे आहे की जवळजवळच्या चार-पाच शाळांची एक शाळा करावी, प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक द्यावा, सेमी इंग्रजी सुरू करावे आणि मुलांसाठी बस ठेवावी.

एक पालक, कुपवाड
सर, आपली तळमळ पटते, उपाय मात्र पटत नाही. आमच्या गल्लीत एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाया आहेत. त्या सकाळी सातला कामावर असतात. चौथीतली मुलगी धाकट्या भावाचे दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन त्याला शाळेत नेते, कारण शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. ती शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे गेली तर आधी त्या मुलीचे नाव शाळेतून काढले जाईल. प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत असावी, असा नियम उगाच झालेला नाही. बसचे म्हणाल तर पहिले वर्ष ती धावेल, पण ठेका संपल्यावर जबाबदारी कोणाची? आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा नदीची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा पूरग्रस्तांना आसरा दिला तो शाळांच्या वर्गखोल्यांनीच. जवळची शाळा म्हणजे फक्त पटाचा आकडा नव्हे.

मिरजकर
यात माध्यमाचा प्रश्न कोणी मांडलेला नाही. मनपाच्या शाळा मराठीबरोबर उर्दू आणि कन्नड माध्यमाच्याही आहेत. मराठी शाळेला शेजारी दुसरी मराठी शाळा सापडेल. कन्नड शाळा कोणत्या शाळेत मिसळणार?

निवृत्त शिक्षक, विश्रामबाग
मी कृष्णाकाठ यांच्या बाजूचा आहे. तीस वर्षे शिकवल्यावर सांगतो, तीन इयत्ता एकत्र शिकवताना सर्वांत मागे पडणाऱ्या मुलाकडे पाहायला वेळच उरत नाही, आणि ते मूल बहुधा याच कामगार वस्तीतले असते. मात्र पैसा वाचतो म्हणून एकत्रीकरण होणार असेल, तर माझा विरोध राहील. घरपट्टीच्या बिलात आपण शिक्षण कर भरतो. १९६२ च्या कायद्याने तो राज्य सरकारसाठी वसूल होतो, आपल्या वॉर्डातील शाळेच्या हाती थेट पडत नाही. तेव्हा रिकाम्या झालेल्या इमारतीचे आणि वाचलेल्या रकमेचे काय करणार, हे मनपाने आधी लेखी द्यावे.

कृष्णाकाठ, सांगली
कुपवाडच्या ताईंचा मुद्दा मान्य आहे, म्हणून माझी सूचना बदलतो. मूल घरापासून एका किलोमीटरच्या आत राहील आणि मध्ये मोठा रस्ता येणार नाही, एवढ्याच शाळा एकत्र कराव्यात. कन्नड आणि उर्दू शाळांना हात लावू नये, उलट तिथे जादा शिक्षक द्यावा. मात्र एका बाईंनी तीन फळे सांभाळायचे, ही गोष्ट मला कोणत्याही अंतराच्या हिशेबात चालणार नाही. निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत व्हावा, कारण कायद्याने तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात.

एक पालक, कुपवाड
जादा शिक्षक द्यायचाच असेल तर तो आमच्या शाळेलाही द्या, मग शाळा हलवण्याची गरजच उरत नाही. आणि सभा घेणार असाल तर संध्याकाळी सहानंतर घ्या. दुपारी बारा वाजता घेतली तर सही करायला आमच्यापैकी एकही आई तिथे नसेल.