शाळेतली डॉक्टर तपासणी : तुमच्या मुलांचं काय काय निघालं?

शाळेत डॉक्टर येऊन मुलांना तपासतात त्याचा खरंच उपयोग होतो की नुसतं वजन-उंची लिहून कार्ड भरायचं? काय निघालं, पुढे काय केलं, सगळं लिहा. घरगुती उपायही चालतील, पण स्वतः करून बघितलेलेच.

*

आमच्याकडे डोळे. मुलाने कधी तक्रारच केली नाही, त्याला वाटायचं फळा सगळ्यांना असाच धूसर दिसतो. तपासणीत पठ्ठ्या पुढच्या मुलाने वाचलेली अक्षरं पाठ म्हणत होता, सिस्टर हुशार, त्यांनी ओळ उलटीकडून वाचायला लावली. लागला चष्मा!

*

उवा, दुसरं काय! उवा उडी मारत नाहीत हो, डोक्याला डोकं लागलं की चढतात, त्यामुळे बिचाऱ्या पोरीला मागच्या बाकावर एकटं बसवायची काही गरज नसते. औषधाने उवा मरतात पण लिखा बऱ्याचदा उरतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून परत लावावंच लागतं, नेमकं हेच कोणी सांगत नाही. मधल्या दिवसांत ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणी फिरवा. रॉकेल सुचवणाऱ्या काकूंना लांबूनच नमस्कार.

*

मी शिक्षिका आहे. वर्गात खरूज निघाली की एकाच मुलाला मलम मिळतं, तो बरा होतो आणि पुन्हा बोटांच्या बेचक्या खाजवत येतो, कारण घरी धाकटी बहीणही रात्रभर खाजवतेय पण तिला कोणी बघितलेलंच नसतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी, मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा. कपडे-चादरी गरम पाण्यात. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहू शकते, म्हणून मलम रोज थापत बसू नका. पालकांना बोलावलं की आधी वाद, "आमच्या घरात असलं काही नाही".

*

गालावर पांढुरके डाग. घरात एकमत, जंत नाहीतर कॅल्शियम कमी. डॉक्टर म्हणाल्या कातडी कोरडी आहे, साधं मॉइश्चरायझर लावा, जायला काही महिने लागतील. गेले. श्रेय अर्थात सासूबाईंच्या जंताच्या औषधाला.

*

किडलेली दाढ निघाली. "दुधाचीच आहे, पडेल" म्हणू नका, मागच्या दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत असतात, तोवर ठणकणार कोणाची?