मदत हवी आहे: जून-जुलैत चवीचे टमाटे कुठे मिळतील? (भुसावळ-जळगाव)

डबेवाली_भुसावळ

नमस्कार मंडळी,

भुसावळला माझे घरगुती डबे आहेत, रोजचे २२. बरेचसे रेल्वेतले, थोडी कॉलेजची मुलं. दर बुधवारी डब्यात भाजलेल्या टमाट्याची चटणी असते. माझं माहेर अमळनेरचं. आई निखाऱ्यात टमाटे खुपसून भाजायची, साल काळी पडली की काढून लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याबरोबर ठेचायची. मी गॅसवर जाळी ठेवून भाजते, बाकी सगळं तेच. हिवाळ्यात या चटणीसाठी लोक बुधवारची वाट बघतात, खोटं नाही सांगत.

मे उजाडला तशी चटणी बिघडत गेली. ना आंबट, ना गोड. गेल्या बुधवारी एका डब्यातून चिठ्ठी आली, "ताई, चटणी पाठवली का रंगीत पाणी?" शेजारचे एक काका रिकामा डबा देताना म्हणाले, "टमाट्याले चवच नई राह्यली." त्यांनी निदान दोष टमाट्याला दिला.

करून पाहिलेलं सांगते, म्हणजे तेच तेच सल्ले यायला नकोत. महागातले, लालभडक, एकसारखे टमाटे आणले. दिसायला चित्रासारखे, कापले तर आत पांढरी धांदोटी. मग केळीच्या फण्यांमध्ये घालून दोन दिवस ठेवले, आपल्याकडे केळीला काय तोटा. लाल झाले, चव जिथल्या तिथे. साखर घातली तर चटणी लोणच्याच्या पाकासारखी लागायला लागली. एकदा बाटलीतला सॉस घातला. पोरांना आवडला, मला मात्र लाज वाटली.

विचारायचं एवढंच की भुसावळ, जळगाव, सावदा, वरणगाव या पट्ट्यात या दिवसांत चवीचा टमाटा कोणाकडे मिळतो का? ठेल्यावर ओळखायचा कसा? आणि मिळतच नसेल तर चटणीचं करायचं काय? बंद केली तर निम्मे डबे रुसतील.

---

गिरणाकाठ

ताई, आधी वाईट बातमी. आपल्याकडचा टमाटा या दिवसांत बाजारात जवळजवळ नसतोच. मी भडगावकडचा, दरवर्षी थोडा टमाटा लावतो. आमची लागण पावसाळा सरता सरता, माल दिवाळीनंतर सुरू होतो तो मार्चपर्यंत. एप्रिल-मेमध्ये झाड उभं असतं पण फूल टिकत नाही. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही २५ च्या खाली उतरेना, की परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. आपल्याकडे मेमध्ये ४५ पर्यंत जातं, तिथे फुलाचं काय घेऊन बसलात. चुकून एखादं फळ धरलंच तर ३० अंशांच्या पुढे त्याला तांबडा रंग भरत नाही, पिवळट नारिंगी राहतं, आणि खांद्याला उन्हाचा चट्टा.

मग तुमच्या ठेल्यावरचा माल कुठला? उन्हाळ्यात नारायणगावचा, नाहीतर थेट कर्नाटकातल्या कोलारकडचा. नाशिककडे पिंपळगाव बसवंतला ऑगस्टनंतर जोर येतो. मधला जून-जुलै म्हणजे खड्डा. २०२३ च्या जुलैत टमाटा शंभरीपार गेला तो याच खड्ड्यात.

इतका प्रवास करायचा तर माल हिरवटच तोडावा लागतो. त्यात शेतकऱ्याला नावं ठेवू नका. २० किलोचं कॅरेट वाटेत फिसकटलं तर पैसे आमचेच कापले जातात. म्हणून वाणही तसाच लागतो, जाड सालीचा, कडक, भिंतीवर फेकला तरी परत येईल असा. पुसा रुबीसारखा जुना वाण आंबट, रसाळ, पातळ सालीचा. चटणीला त्याच्यासारखा नाही, पण दोन दिवसांत मऊ पडतो म्हणून व्यापारी हात लावत नाही. मी घरापुरत्या दोन सऱ्या अजून लावतो. पण त्यांचा माल जानेवारीत. आत्ता माझ्याकडेही तुमच्यासारखाच ठेल्यावरचा टमाटा आहे.

---

हिवाळ्याची_वाट

टमाटे बेचव असतील तर खाऊ नका. भरीत करा!

---

गिरणाकाठ

भाऊ, जूनमध्ये भरताचं वांगं तरी कुठे धड मिळतं? बामणोदचं वांगं थंडीतच खावं.

---

केळीच्या_गावात

टमाटे फ्रिजमध्ये ठेवता का?

---

डबेवाली_भुसावळ

हो, आठवड्याचे तीन किलो एकदम आणते. या उकाड्यात बाहेर ठेवले तर सडतील ना.

---

केळीच्या_गावात

मग निम्मी चव तिथेच जाते. माझं शिक्षण फळप्रक्रियेचं, काम सावद्याला केळीत. थोडं सविस्तर लिहितो.

टमाट्याची चव म्हणजे साखर, आंबटपणा आणि वास. त्यातला वास थंडीत मरतो. साधारण १२ अंशांच्या खाली ठेवलं की वास तयार करणारी यंत्रणाच झोपते, आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण जागी होत नाही. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या संशोधकांनी याच्यामागची जनुकांची गोष्ट मांडली होती. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर चालतो, म्हणजे हिशोब करा.

आता केळीचं. तुमची युक्ती चुकीची नव्हती, फळच वेगळं आहे. आपण केळीची माणसं, हिरवं तोडून पिकवायचं आपल्या हाडात बसलंय. पण हिरव्या केळीत भरपूर पिठूळपणा असतो, पिकताना त्याचीच साखर होते. म्हणून झाडावरून उतरवलेलं केळं घरात गोड होतं. टमाट्यात तोडणीच्या वेळी पीठ जवळपास उरलेलंच नसतं. केळीतून येणारा इथिलीन वायू त्याला लाल करतो, मऊ करतो, साखर आणणार कुठून? झाडाने जितकी दिली तितकीच. रंग फुटायला लागल्यावर तोडलेला टमाटा घरी बरा पिकतो, पण साफ हिरवा तोडलेला लाल झाला तरी आतून हिरवाच.

तुम्हाला तो चित्रासारखा, एकसारखा लाल माल आवडला ना? जुन्या टमाट्याला देठाकडे गडद हिरवे खांदे असायचे. एकसारखा रंग यावा म्हणून निवड होत गेली आणि ते खांदे गेले. २०१२ मध्ये समजलं की त्या गडद हिरव्याबरोबर थोडी साखरही गेली. फळ स्वतःही थोडं अन्न तयार करत होतं, ते कमी झालं.

ठेल्यावर ओळखायचं तर देठाशी नाक लावा. वास आला तर घ्या, नाही आला तर पुढचा ठेला. आकारापेक्षा जड लागतो तो बरा. एक विकत घेऊन तिथेच कापून बघा, विक्रेता हसला तर हसू द्या. बियांभोवतीचा जेलीसारखा गर भरपूर हवा. आंबटपणा आणि जिभेवर रेंगाळणारी चव त्या गरात जास्त असते. कडक वाणात तोच कमी, नुसत्या जाड भिंती. आणि चटणी करताना तो गर पाणचट म्हणून काढून टाकत असाल तर थांबवा.

तीन किलो एकदम आणू नका. मंगळवारी संध्याकाळी लागेल तेवढाच, देठ खाली करून, माठाजवळ टोपलीत.

---

वाळवणवाली_आजी

बेटा, मी नंदुरबारची. शिकलेल्या लोकांनी सगळं सांगितलं, पण तुझी चटणी अजून फिकीच आहे.

आम्ही टमाटा फेब्रुवारी-मार्चमध्येच वाळवून ठेवायचो. तेव्हा घ्यायला कोणी नसतं, दहा रुपयांनाही मिळतो, कधी तर लोक बांधावर ओतून देतात. पापड-कुरडया, बिबड्या गच्चीवर येतात तसा टमाटाही. पूर्ण पिकलेले घ्यायचे, अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या, वरून मीठ भुरभुरायचं, सुती धोतरावर एकेक पसरायचं, वरून पातळ कापड. दुपारी उलटवायचं, संध्याकाळी घरात घ्यायचं. आपल्या उन्हात तीन-चार दिवस पुरतात. वाकवला तर मोडला पाहिजे, चामड्यासारखा वाकला तर अजून एक दिवस. कच्चा राहिला तर पावसाळ्यात हमखास बुरशी. दहा किलोचे जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम होतात, घाबरू नकोस, टमाट्यात पाणीच जास्त. बरणी कोरडी आणि घट्ट झाकणाची हवी.

जूनमध्ये काय करायचं? ठेल्यावरचे फिके टमाटे भाजायचे, त्यात मूठभर वाळलेले कोमट पाण्यात भिजवून ठेचायचे. फिक्याचा ओलावा, वाळलेल्याची चव.

यंदा वाळवलेले नाहीत तर कैरी आहे ना अजून. चार टमाट्यांना अर्धी कैरी भाजून घाल. जुलैत कैरी संपली की चिंचेचा कोळ, अगदी थोडा. साखर नको, सुपारीएवढा गूळ. आणि भाजताना घाई करू नकोस. साल काळी होऊन पाणी टपकायचं थांबलं पाहिजे. गॅसवर लोक साल करपली की काढतात, आत सगळं पाणी तसंच.

---

डबेवाली_भुसावळ

आजी, पाणी टपकायचं थांबेपर्यंत मी कधीच भाजत नव्हते. आईच्या निखाऱ्यात ते आपोआप व्हायचं, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही. एक शंका, वाळवण्याऐवजी मार्चमध्ये रस आटवून बाटल्या भरून ठेवल्या तर?

---

केळीच्या_गावात

फ्रीझरमध्ये गोठवणार असाल तर खुशाल करा, बर्फाच्या ट्रेमध्ये घालून. आटवलेल्या रसाला थंडीचं फार वावडं नाही. पण बाहेर कपाटात ठेवायच्या बाटल्या घरी भरू नका. काही टमाटे पुरेसे आंबट नसतात आणि बंद बाटलीत विषारी जंतू वाढू शकतो. त्याला लिंबाचा रस, उकळायची वेळ असं काटेकोर मोजमाप लागतं. २२ लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

---

डबेवाली_भुसावळ

दोन बुधवार झाले, कळवते.

पहिल्या मंगळवारी चार ठेले फिरले, देठाला नाक लावून. एक विक्रेता म्हणाला, "ताई, गुलाब नाही विकत मी." पाचव्या ठेल्यावर एक म्हातारी बसली होती, टोपलीत लहान, वेडेवाकडे, खांद्याला हिरवे टमाटे. परसातले, सांडपाण्याच्या नालीकडेला आपोआप उगवलेले म्हणाली. दीडच किलो होते, सगळे उचलले. त्यांना वास होता! पुढच्या मंगळवारी ती दिसली नाही, म्हणून ठेल्यावरचे फिके, अर्धी कैरी आणि पाणी टपकायचं थांबेपर्यंत भाजणं. गॅस दुप्पट जळला, हे खरं. चिठ्ठीवाल्या मुलाने डब्यात या वेळी नुसतं "बरी" लिहून पाठवलं. काकांनी काही म्हटलं नाही, पण डबा पुसून घेतलेला होता.

गिरणाकाठ दादा, तुमच्या पुसा रुबीच्या दोन सऱ्यांतलं ४० किलो फेब्रुवारीत मला देता का? भाव तुम्ही सांगा, न्यायला मी येते. माझी गच्ची एवढ्याला पुरणार नाही, म्हणून शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या पापडांच्या आधी उरकणार असशील तर चालेल.